मोंरेआलेचा चेहरा

जहाजावर जेवताना घरातल्या घरात मतदान घ्यायची कल्पना अस्गेरची, आणि तीच त्याच्या अंगाशी आली.

दुसऱ्या दिवशी पालेर्मो होतं. जहाज सकाळी धक्क्याला लागणार आणि दुपारी सुटणार. डोंगरावरच्या मोंरेआले गावचं चर्च पाहायचं यावर चौघांचंही एकमत होतं. वाद होता तो कसं जायचं यावर. जहाजाच्या सहलीत नाव घालायचं, की आपलं आपण निघायचं?

"सहलच," दोर्ते म्हणाली. अस्गेरची ही बायको एकदा बोलली की विषय संपला असं स्वतःच ठरवून टाकायची. "बस धक्क्यावरून नेते, धक्क्यावर आणून सोडते. सहलीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या भरवशावर गेलो आणि उशीर झाला, तर जहाज आपल्याला पाठ दाखवून चालतं होतं. तुला हे मी सांगायचं?"

हा टोमणा बरोबर वर्मी बसला. अस्गेर एस्बियर्गच्या बंदरातून समोरच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवर नोकरीला होता. वेळ झाली की बोटीचा कठडा तो स्वतःच्या हाताने ओढायचा. धापा टाकत पळत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर कठडा लावताना त्याला आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं.

"वेळ पाळायला मला कुणी शिकवायला नको," तो म्हणाला. "पण ते मेंढरांसारखं फिरणं मला जमणार नाही. पुढे गाइडची लाल छत्री, मागे आपण. छत्री थांबली की थांबायचं, छत्री हलली की हलायचं. छत्रीला शू लागली की आपल्यालाही लागायला हवी!"

तिल्डा खुसुखुसू हसली. अकरा वर्षांच्या मुलीला जेवताना एवढा विनोद पुरतो.

"मी गुद्रुनसाठी म्हणत होते," दोर्ते सासूकडे वळली. "सहलीत कानात लावायला यंत्र देतात. गाइड सगळं वर्णन करून सांगतो. तुला बघायला त्रास होतो, निदान नीट ऐकू तरी येईल."

गुद्रुनने काटा खाली ठेवला. "ऐकायचंच असतं तर घरी रेडिओ आहे की. मला बघायचंय, दोर्ते."

म्हातारीच्या डोळ्यांचे पडदे मधोमध झिजत चालले होते. चष्म्याने काही होणार नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे नजर रोखावी नेमका तिथेच करडा डाग. काहीही पाहायचं म्हणजे तिला मान तिरकी करून त्याच्या बाजूला पाहावं लागे, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मग तुकडा तुकडा गोळा करून मनात जोडायचा. या कामाला वेळ लागतो, आणि सहलीतली माणसं पाच-दहा मिनिटांत पुढे सरकतात. मोंरेआलेच्या त्या चर्चमध्ये सोनेरी काचतुकड्यांनी मढवलेला येशू आहे, त्याचा नुसता हातच माणसाएवढा आहे, असं तिने ऐकलं होतं. डोळे पुरते जाण्याआधी तो पाहायचा, एवढ्यासाठी ती या जहाजावर आली होती. बाकी समुद्र, नाचगाणं आणि पाच प्रकारचे मासे दोर्तेने ठेवून घ्यावेत, असं तिचं म्हणणं.

तीन विरुद्ध एक. तिल्डाचं मत आइस्क्रीमच्या आशेने बापाला पडलं होतं, पण मत ते मत.

सकाळी अस्गेरने आपली योजना सांगितली आणि ती सांगताना त्याची छाती फुगली होती. सहलीच्या सगळ्या बस सकाळीच डोंगरावर जाणार. म्हणून आपण सकाळी खाली बाजारात हिंडायचं, आणि सगळे लोक जेवायला बसतील तेव्हा वर पोचायचं. चर्च रिकामं मिळेल. आईला हवा तेवढा वेळ उभं राहता येईल.

सकाळ छान गेली. तलवारमाशाचं तोंड पाहून तिल्डा किंचाळली, गुद्रुनने लिंबं हुंगली, अस्गेरने आपली शिदोरी जहाजावरून आणलेल्या काळ्या पावाचीच असावी असा हट्ट धरला आणि दोर्तेने त्याच्या नाकासमोर तळलेले भाताचे गोळे खाल्ले. मग बस पकडून ते वर गेले. ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळी. चर्चसमोरचा चौक अगदी मोकळा होता.

चर्चचं दारही बंद होतं.

दारावर पाटी होती. दुपारी बंद. तिथून जाणाऱ्या एका बाईला अस्गेरने हातवारे करून विचारलं, तिने तोंडाशी घास नेल्याची खूण केली आणि मग गालाखाली हात ठेवून डोळे मिटले. माणसं जेवायला जातात म्हणून तो या वेळेला आला होता. चर्चसुद्धा जेवायला जातं, हे त्याच्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"उघडणार कधी?" दोर्तेने विचारलं.

त्याने पाटी पुन्हा वाचली, घड्याळ पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दार उघडायच्या सुमाराला त्यांना खाली जहाजाच्या शिडीवर असायला हवं होतं.

"बोल ना," दोर्ते म्हणाली. "रिकामं चर्च हवं होतं ना? घे. आत एक चिटपाखरूही नसेल."

"चला," अस्गेर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पुढची बस आत्ताच आहे. आई, माझी चूक झाली. नेपल्सला आपण काहीतरी दुसरं बघू. तिथेही मोठी चर्चं आहेत."

गुद्रुन दाराजवळच्या दगडी बाकावर बसली. "तुम्ही जा."

"आई, जहाज थांबत नाही."

"ठाऊक आहे. फेरीवाल्याची आई आहे मी. तुम्ही जा, मी बघून येते."

"एकटी? बसचा नंबर तरी दिसतो का तुला?"

"नाही दिसत." ती शांतपणे म्हणाली. तिची मान त्याच्या खांद्याच्या दिशेने वळलेली होती, नेहमीसारखी. "अस्गेर, तुझा चेहरासुद्धा मला दिसत नाही. दोन नाताळ झाले. तू बोलतोस म्हणून तू. दोर्ते अत्तर लावते म्हणून दोर्ते. तिल्डा माझ्या अंगावर येऊन आदळते म्हणून तिल्डा. समोर बघितलं की तुम्हा सगळ्यांच्या मानेवर नुसता धूर असतो. मी हे बोलले नाही, कारण तुम्ही लगेच माझा हात धरून मला रस्ता ओलांडून द्यायला लागला असतात. पण एक तरी चेहरा मला अजून पुरा बघायचाय. मग तो कुणाचा का असेना."

आई आपल्या खांद्याशी बोलते ते म्हातारपणामुळे, असं अस्गेर धरून चालला होता. विचारायचं मात्र त्याने दोन वर्षं टाळलं होतं, कारण उत्तराची त्याला भीती होती.

दोर्तेने पर्समधून फोन काढला. जहाजाच्या कचेरीशी ती मोजकंच बोलली. आम्ही येत नाही, चौघांचे पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटकडे ठेवा, आम्ही रात्रीच्या बोटीने नेपल्सला येऊ आणि तिथे जहाजावर चढू. पलीकडचा माणूस काहीतरी समजावू लागला तसा तिने फोन ठेवला, आणि ती सासूशेजारी बसली.

"सहलीच्या बाजूने तूच होतीस ना?" अस्गेर पुटपुटला.

"होते. सरक तिकडे. तो भाताचा एक गोळा उरलाय, कोण खाणार?"

गोळा अस्गेरनेच खाल्ला.

दार उघडलं तेव्हा ते पहिले होते. आत शिरले आणि चारी जणांची पावलं आपोआप थांबली, कारण काहीच दिसत नव्हतं. बाहेरच्या पांढऱ्याफेक उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना नुसता गार अंधार, आणि वर, फार वर, काहीतरी लुकलुकल्यासारखं. खांबाशी एक पेटी होती. नाणं टाकलं की दिवे लागतात, असं तिच्यावर चित्र काढलेलं होतं.

अस्गेरने खिसे चाचपले. फोन होता, कार्ड होतं, दुसरंही कार्ड होतं. नाणं नव्हतं. त्याने शेवटचं नाणं कधी हातात धरलं होतं, त्यालाच आठवेना. त्यांच्या देशात भिकाऱ्यालाही फोनवरून पैसे देतात. त्याने कार्ड पेटीच्या फटीशी नेऊन पाहिलं, आणि तिल्डाने लाजून तोंड फिरवलं.

"आता?" गुद्रुन अंधारात म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला.

तेवढ्यात पाठीमागून पावलं वाजली. दुसऱ्या कुठल्या तरी जहाजाची सहल आत येत होती, आणि तिच्या पुढे खरोखरच लाल छत्री होती. दोर्ते तरातरा त्या छत्रीकडे गेली. छत्रीखालचा बुटका माणूस तिचं ऐकून मोठ्याने हसला.

"उत्तरेकडचे ना तुम्ही? मला वाटलंच." त्याने खिशात हात घालून मूठभर नाणी तिच्या ओंजळीत ओतली. "तुमच्यासारख्यांसाठी ठेवतो मी, बाई. दर आठवड्याला कुणीतरी या पेटीला कार्ड दाखवतं."

दोर्तेने नाणं टाकलं. आत कुठेतरी खट्ट वाजलं.

अस्गेर ज्या चर्चमध्ये वाढला तिथल्या भिंती चुन्याने सारवलेल्या होत्या. छताला एक लाकडी छोटं जहाज टांगलेलं होतं, बुडालेल्या कोळ्यांच्या आठवणीला. देवाचं घर म्हणजे पांढरं आणि थंड, असंच त्याला वाटे. आणि इथे वरपासून खालपर्यंत सोनं उजळून आलं होतं. भिंतींवर जग घडत होतं, पाणी जमिनीपासून वेगळं होत होतं, नोहा जनावरांना हाताला धरून आपल्या नावेत घेत होता. नजर जिथे जाई तिथे माणसं होती, पाखरं होती, झाडं होती, आणि सगळ्यांच्या मागे ते सोनं. शेवटी समोरच्या कमानीत, सगळ्या भिंतीला पुरून उरलेला, हात पसरलेला तो येशू. त्याच्या एका बुबुळात तिल्डा मावली असती.

"अय्या," तिल्डा म्हणाली, आणि मग एवढी गप्प झाली की अस्गेरने ती आहे ना म्हणून वळून पाहिलं.

गुद्रुन मधल्या वाटेवर पुढे पुढे चालली होती. आधी तिने सवयीने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. मग ती थांबली. तिने मान सरळ केली आणि समोर पाहिलं. थेट समोर.

"दिसतोय," ती म्हणाली.

"काय दिसतंय, आई?"

"तोच. सगळा." ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "डाग आहे रे, आहे. पण त्याला पुरत नाही! नाकावर गेला तर डोळे उरतात. डोळ्यांवर नेला तर तोंड उरतं. केवढा मोठा चेहरा आहे! अस्गेर, किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बघतंय."

दिवे विझले. दोर्तेने धावत जाऊन दुसरं नाणं टाकलं. छत्रीवाल्याची माणसं त्यांच्या अंगावरून आली, माना वर करून उभी राहिली, छत्री हलली तशी पुढे गेली. गुद्रुन जागची हलली नाही. आता ती फक्त पाहत नव्हती, कसला तरी हिशेब करत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती. मोठा म्हणून दिसतो. मोठा नसता तर नसता दिसला. मग मोठा कसा होतो चेहरा?

"अस्गेर, इकडे ये."

तो तिच्यासमोर आला.

"जवळ."

तो वाकला.

"अजून. घाबरतोस काय, चावत नाही मी. अजून ये!"

त्यांच्याकडे माणसं भेटल्यावर हात मिळवतात, वाढदिवसाला घाईघाईने मिठी मारतात, आणि पुन्हा हातभर लांब उभी राहतात. नाकाला नाक लावतात ते फक्त तान्ह्या मुलाच्या. गुद्रुनने मुलाचे दोन्ही कान धरले आणि त्याचं डोकं ओढून इतकं जवळ आणलं, की तिचा श्वास त्याच्या ओठांवर आला. मग तिची नजर त्याच्या भुवयांवरून गालावर, गालावरून हनुवटीवर फिरू लागली. पुन्हा वर आली आणि थेट त्याच्या डोळ्यांत थांबली.

"दाढी पांढरी झाली तुझी," ती म्हणाली. "आणि घरात कुणी मला सांगितलं नाही."

अस्गेर हलला नाही. हललो तर तिच्या डोळ्यांतून पुसले जाऊ, असं त्याला वाटत होतं. दिवे विझले आणि तिल्डाने पळत जाऊन नाणं टाकलं, तरी तो तसाच वाकून उभा होता.

बऱ्याच वेळाने गुद्रुनने त्याचे कान सोडले. "बास. आता दोर्तेला पाठव."

दोर्ते त्याच्या मागेच, चष्मा काढून उभी होती.