खाकी पिशवीचे सात तास

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे. नागपूरच्या मनीषनगरात, मनोहररावांच्या घरी, दारामागच्या खुंटीवर माझं आयुष्य गेलं. त्याआधी मी पिशवी नव्हते, पँट होते. मनोहरराव वीज मंडळात लाइनमन होते आणि मला घालून ते खांबावर चढत. माझे गुडघे झिजले तेव्हा त्यांच्या पत्नीने, प्रयागबाईंनी, मला उसवलं, धुतलं आणि दुहेरी शिलाई मारून माझी पिशवी केली. मागचा खिसा मात्र तसाच ठेवला, बाजारात सुटे पैसे ठेवायला.

बावीस वर्षं मी भाजी वाहिली. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, हिवाळ्यात संत्री. शेजारणी विचारत की अशी मजबूत पिशवी कुठे मिळाली, आणि मी खुंटीवर ऐटीत लटकत असे.

मग ती आली.

निळी, गुळगुळीत, चार चाकांची बॅग. मनोहररावांची मुलगी वंदना गुवाहाटीला बँकेत आहे. तिच्याकडे दोघांनी विमानाने जायचं ठरलं, म्हणून प्रयागबाईंनी ती सदर बाजारातल्या दुकानातून स्वतः निवडून आणली. घरी आल्यावर त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. मला शिवणारा तोच हात.

"अजी, पिशवीनं खांदा भरून येते तुमचा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता हिले ओढत न्या."

मला ते कारण पटलं नाही. मला वाटलं, विमानतळावर चारचौघांत त्यांना माझी लाज वाटणार. त्यात वंदना फोनवर म्हणाली, "आई, त्या खाकीचं आता पोतेरं कर." प्रयागबाई नुसत्या हसल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून फरशी पुसायची बादली दिसली की माझा जीव धसकायचा.

जायच्या आधीच प्रयागबाई वारल्या. पंधरा दिवसांचं दुखणं. त्यानंतर मनोहररावांनी बाजार सोडला. शेजारच्या घरून डबा येई, तो अर्धा परत जाई. मी खुंटीवर धूळ खात होते आणि त्या चाकवालीवर मात्र स्वच्छ आवरण होतं. मित्रांनो, मी तेव्हा प्रयागबाईंसाठी रडायला हवं होतं. पण खरं सांगते, मी त्या बॅगेवर जळत होते.

आठ महिन्यांनी वंदनाने हट्टाने एकच तिकीट पाठवलं. बॅग भरताना मनोहररावांनी माझी घडी केली आणि संत्रा बर्फीचे खोके हलू नयेत म्हणून मला मध्ये कोंबलं. म्हणजे मी तिच्याच पोटात गेले. याहून वाईट ते काय?

पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बॅग वजनकाट्यावर ठेवली आणि तीन किलो जास्त भरली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काही सामान हातात घ्या. मनोहररावांनी मला बाहेर काढलं, झटकलं, माझ्यात बर्फी आणि पापड भरले. चाकवाली पट्ट्यावर आडवी पडून एकटीच आत गेली. मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

विमान आधी कोलकात्याला गेलं. तिथे सात तास थांबून पुढचं विमान होतं. वंदनाने फोनवर सांगितलं, सात तास खुर्चीत बसून काय करता, टॅक्सी करा, नदीवरचा मोठा पूल पाहून या. मनोहरराव मला घेऊन निघाले. सगळ्यांच्या मागे चाकं खडखडत होती, आणि मी त्यांच्या खांद्यावर होते.

पूल त्यांनी लाइनमनच्या नजरेने पाहिला. टॅक्सीतून मान बाहेर काढून लोखंडाचे जोड न्याहाळले. पलीकडे भाजीबाजार लागला तसं त्यांनी टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा त्यांची पावलं बाजारात पडली.

एका म्हाताऱ्या भाजीवालीसमोर ते बसले. देठ पाहून, बोटाने दाबून लहान वांगी निवडू लागले. पुढे विमान पकडायचं आहे, वांग्यांचं आपण काय करणार, हे त्यांच्या मनातही आलं नसावं.

आता या दोघांची रीत सांगते. मनोहरराव भाजी निवडत आणि पैसे काढत. प्रयागबाई त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहून दोन्ही हातांनी माझं तोंड उघडून धरत. मग भाजीवाला पारडं थेट माझ्यात उपडं करी.

म्हातारीने पारडं उचललं. मनोहररावांनी पैशांसाठी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने मला बाजूला केलं.

"धर वं," ते म्हणाले, आणि त्यांनी मला सोडलं.

मी चिखलात पडले. बर्फीचं खोकं बाहेर घरंगळलं. मनोहरराव डावीकडे पाहत राहिले. पारडं तसंच हवेत होतं.

म्हातारीला त्यांची भाषा कळली नसेल. तिने पारडं खाली ठेवलं, ढिगाला वळसा घालून आली, मला उचललं, चिखल झटकला. दोन्ही हातांनी माझं तोंड उघडलं आणि हनुवटीने खूण केली, टाका. मनोहररावांनी एकेक करून वांगी माझ्यात टाकली. तिचे हात पाण्याने गार पडले होते. ते प्रयागबाईंचे हात नव्हते. बावीस वर्षं मला दोघं धरत होते, आणि मी एका बॅगेशी कोणत्या हातासाठी भांडत होते?

परत विमानतळावर तपासणीचा जवान पडद्याकडे पाहून हसला. "चाचाजी, बैंगन लेके कहाँ?" मनोहरराव म्हणाले, "बेटी के घर."

गुवाहाटीला वंदना घ्यायला आली होती. तिने आधी चाकवालीचा दांडा धरला. मी मनात म्हटलं, झालं, आता पोतेरं. मग तिने माझ्यात डोकावलं.

"बाबा, विमानातून वांगी? काहून आणली?"

"तुया आईले हाक मारली मी बाजारात," मनोहरराव म्हणाले. "पिशवी धर म्हटलं."

वंदनाच्या हातून दांडा सुटला. चाकवाली गुळगुळीत फरशीवर आपली आपण लांब जात राहिली. तिच्यामागे कोणी गेलं नाही. वंदनाने माझे दोन्ही बंद धरले, माझं तोंड उघडलं आणि आत हात घालून एक वांगं दाबून पाहिलं.

"कोवळी आहेत," ती म्हणाली.

मनोहरराव आता वंदनाकडेच राहतात आणि दर रविवारी बापलेक तिथल्या बाजारात जातात. पोतेऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. चाकवाली कपाटावर आहे, अंगावर आवरण घालून. त्या आवरणाचा मला अजून हेवा वाटतो, जुनी खोड लवकर जात नाही.

मित्रांनो, माझा एक बंद उसवत आला आहे, तो कोणीतरी शिवेल. तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. बाजारात कोणी एकटं माणूस एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन अडलेलं दिसलं, तर जवळ जा. काही विचारू नका. पिशवीचं तोंड उघडा आणि दोन्ही हातांनी धरा.