ऑस्ट्रिकची मूठ

अपघातानंतर आर्लिस पहिल्यांदा खेळायला आली त्या शनिवारी आम्ही तिघंही तिच्या डाव्या बाहीकडे बघायचं टाळत होतो, आणि ते तिला कळत होतं.

"बघून घ्या एकदाचं," कोट काढता काढता ती म्हणाली. "मनगटाच्या वर चार बोटं तुटलाय. कारखान्यात कागद दाबणाऱ्या रुळांनी ओढून नेला. झालं बघून? आता फासे काढा."

आर्लिस क्रेचमर तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात कागद कारखाना एकच, आणि त्यात तिने बावीस वर्षं काढलेली. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघं लुथरन चर्चच्या तळघरात जमायचो. पाळकबाईंनी जागा देताना एकच अट घातली होती: राक्षस चालतील, सैतान नको.

आमचा खेळ फाशांचा आणि बोलण्याचा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतल्या एकेका माणसाच्या तोंडून बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट चालवायचा लोवेल स्टेनरूड. हायस्कुलात गणित शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला मास्तरच म्हणायचो. नियमांचं पुस्तक त्याला पानासकट पाठ. कू वांग शाळेची बस चालवायचा. खेळात त्याचा पुजारी, मंत्राने जखमा भरणारा. मी गेरिट, टपाल वाटतो. माझा एक ठेंगू कुऱ्हाडवाला होता, डोकं कमी आणि ताकद फार. आर्लिसची टामसिन नावाची मायाविनी. नसलेल्या गोष्टी दाखवायच्या, भिंत असेल तिथे दार, दोन माणसांची फौज, हे तिचं काम. अकरा वर्षं तिने हीच टामसिन खेळवली होती.

त्या दिवशी गोष्टीत आम्ही एका खिंडीतल्या किल्ल्यात होतो. पंखवाल्या अजगराने वेशीवरच्या पहारेकऱ्यांच्या नायकाचा, ऑस्ट्रिकचा, हात तोडून नेला होता. खिंडीतल्या चोरवाटा त्या एकट्याला ठाऊक. कूच्या पुजाऱ्याने मंत्र म्हटला, फासे चांगले पडले, जखम भरली. प्रत्येकाच्या जिवाचे गुण, म्हणजे किती जीव उरलाय ते, कागदावर पेन्सिलने लिहिलेले असतात. ऑस्ट्रिकचे अठरापैकी अठरा झाले.

लोवेल वहीतून वाचायला लागला. "पण ऑस्ट्रिक ओरडतोय. म्हणतोय, माझी मूठ आवळली गेलीय, नखं तळहातात रुतलीत, कुणीतरी उघडा. हात तर नाहीच आहे. बिचारा वेडा..." आणि तिथेच त्याची जीभ अडली. मान लाल झाली. "आर्लिस, मी हे ऑक्टोबरात लिहिलं होतं. तुझ्या त्या... च्या आधी. थांब, हे खोडतो मी."

"खोडू नकोस. त्याला वेडा का म्हणालास?"

"बरं, वेडा नाही. पण त्याचे गुण पूर्ण आहेत. नियमाप्रमाणे तो बरा झालाय."

"बरा झालाय तर ओरडतोय कशाला?"

लोवेल वहीची पानं उलटायला लागला. आर्लिसने खुर्ची पुढे ओढली. "टामसिन त्याच्यासमोर बसते. त्याला म्हणते, मी तुला एक हात दाखवणार आहे. तो खोटा आहे. खोटा आहे हे आधीच सांगतेय. उजवी मूठ आवळ, तसा हाही आवळेल. मग दोन्ही सावकाश उघड. आणि बघत राहा."

"मायेने कुणी बरं होत नाही गं," लोवेल शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. "पान एकशे चौदा. भासाने जिवाचा एकही गुण परत मिळत नाही."

"गुण कोण मागतंय? अठरा आहेत ना त्याचे? मला मूठ उघडून हवीय."

लोवेलने चष्मा पुसला. "काहीही होत नाही," तो म्हणाला.

"बरं. उद्या पुन्हा."

"उद्या म्हणजे?"

"गोष्टीतला उद्या. दुसऱ्या दिवशी टामसिन परत येऊन बसते. पुन्हा तेच."

"काहीही होत नाही."

"परवा पुन्हा."

त्या दुपारी गोष्टीतले सहा दिवस गेले. आर्लिस कागदाच्या कडेला एकेक रेघ मारत होती. कागद सरकू नये म्हणून त्यावर कॉफीचा मग ठेवला होता, आणि मी मदतीला हात पुढे केला तेव्हा तिने अशी नजर टाकली की मी तोच हात चीजच्या बशीकडे वळवला.

पुढच्या शनिवारी खिंडीच्या तोंडाशी शत्रू येऊन बसला. शहाणपण एकच होतं, सतत ओरडणाऱ्या ऑस्ट्रिकला मागे ठेवून किल्ला सोडून निघायचं. कूने तेच सांगितलं. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं त्याच्या घरात चालत नसे, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा.

"मावशी, माझे मंत्र संपत आलेत. गेरिटचा ठेंगू निम्मा मेलाय. त्या ऑस्ट्रिकचा हात सोड आता." बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे... अरे देवा."

आर्लिस खदखदून हसली. "सोडायला हात आहे कुठे त्याला! तुम्ही निघा, खुशाल निघा. टामसिन इथेच थांबेल."

"एकटी?" मी विचारलं.

"ऑस्ट्रिक आहे ना."

कूने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. खेळात कुणी असं मागे राहिलं तर त्याचा शेवट काय होतो हे आम्हाला माहीत होतं. माझा ठेंगू वेशीवर जाऊन उभा राहिला. कूचा पुजारी शिव्या घालत त्याच्या शेजारी. पुजाऱ्याच्या तोंडी त्या शिव्या शोभत नव्हत्या, पण पाळकबाई वर होत्या, त्यांना काय कळणार.

त्या शनिवारी आणखी सात रेघा झाल्या. तिसऱ्या शनिवारी सहा. प्रत्येक रेघेला लोवेलचं "काहीही होत नाही", आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आणखी चिडका. एकोणिसाव्या रेघेला त्याने पुस्तक धाडकन मिटलं.

"पुरे झालं, आर्लिस! नियम काय आहे? भास हा भास आहे हे ज्याला कळलं, त्याच्यापुरता तो भास विरतो. तू तर त्या माणसाला आधीच सांगतेस की हात खोटा आहे. मग त्याच्यावर माया चालणारच कशी? फसवायचं तरी नीट फसव!"

"मला त्याला फसवायचं नाही."

"मग ही मायाविद्याच नाही!"

आर्लिस उठली, कोट खांद्यावर टाकला आणि जिना चढून बाहेर गेली. आम्हाला वाटलं, गेली, आता येत नाही. कू लोवेलला म्हणाला, "शाब्बास मास्तर." लोवेल पेन्सिलीचं टोक बघत बसला.

पाच मिनिटांनी ती परत आली, कोटावर बर्फ, उजव्या काखेत एक लाकडी पेटी. टेबलावरचे फासे कोपराने बाजूला सारून तिने पेटी मध्ये ठेवली. वरून उघडी, पुढून उघडी, मध्ये उभा आरसा. न्हाणीघरातल्या कपाटाचा आरसा काढून तिने ती स्वतः ठोकली होती, एका हाताने आणि गुडघ्यांनी. खिळे वाकडे होते.

तिने तुटका हात आरशाच्या मागे घातला, उजवा पुढे ठेवला. आम्ही तिच्या बाजूने वाकून बघितलं. आरशात डावा हात दिसत होता. पुरा. बोटं, नखं, सगळं.

"कारखान्याच्या डॉक्टरला मी सांगितलं की माझी मूठ आवळलीय," ती म्हणाली. "दिवसरात्र. नखं रुततात. त्याने टाके बघितले आणि म्हणाला, उत्तम भरलंय, जे नाहीच ते दुखेल कसं? मला गप्प बसवायला गोळ्या दिल्या. मी त्या त्याच्या टेबलावर ठेवून आले. मग दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणारी एक पोरगी आहे, तिने कुठेतरी हे आरशाचं वाचलं होतं. तिलाही खात्री नव्हती."

तिने उजवी मूठ आवळली. आरशातलीही आवळली. मग एकेक बोट सोडत गेली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि तिचे खांदे खाली आले, जसं कुणी जड पोतं उतरवून ठेवावं.

"हा आरसा आहे, हे मला माहीत नाही असं वाटतं तुला? मीच स्क्रू लावलेत त्याला. रोज माहीत असतं. तरी उघडते."

वर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"तू आम्हाला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? माझा नसलेला हात दुखतो? तुम्ही तिघं बाहीकडे बघायलाही घाबरत होता."

लोवेल चष्मा हातात धरून बसला होता. "पहिल्याच दिवशी उघडली?" त्याने विचारलं.

"हॅ! पहिल्याच दिवशी! मूर्खासारखी आरशापुढे बसून रडायचे. काहीही होत नव्हतं." शेवटचे शब्द तिने अगदी त्याच्याच सुरात म्हटले. "सव्वीस दिवस. सत्ताविसाव्या दिवशी अंगठा हलला."

लोवेलने तिचा कागद ओढून घेतला आणि रेघा मोजल्या. दोनदा मोजल्या.

"एकोणीस," तो म्हणाला. "म्हणजे अजून सात दिवस काहीही होत नाही."

आर्लिसने त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "आणि आठव्या दिवशी?"

"तोवर किल्ला टिकवा, मग बघू. शत्रू काही तुझ्यासाठी थांबणार नाही. फुकट काही देणार नाही मी."

"मागितलंय कुणी फुकट? फासे उचल, मास्तर."

ते सात दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. फासे वाईट पडत होते. बाहेरची तटबंदी गेली. कूच्या पुजाऱ्याचा शेवटचा मंत्र माझ्या ठेंगूवर खर्च झाला आणि दुसऱ्याच दिवशी ठेंगू पुन्हा पडला, तो उठलाच नाही. नऊ वर्षं खेळवलेलं माझं पात्र. घरी जाताना गाडीत मी रेडिओ लावला नाही. टामसिनला एक बाण लागला. आर्लिसने गुण खोडून नवे लिहिले आणि म्हणाली, "दंडात बाण घेऊन ती ऑस्ट्रिकसमोर जाऊन बसते. पुन्हा तेच."

सत्ताविसाव्या दिवशी लोवेलने फासे मागितले नाहीत. वही मिटलेली होती.

"ऑस्ट्रिक ओरडायचा थांबतो," तो म्हणाला. "म्हणतो, बाई, हात खोटा आहे ना हा? तू म्हणतेस, हो. तो म्हणतो, खोटा आहे ते मला दिसतंय. आणि म्हणतो..." लोवेलने आर्लिसकडे बघितलं. "अंगठा सैल झाला."

आर्लिसने टेबलावर एक सणसणीत थाप मारली. फासे जमिनीवर उडाले. "लिही ते! पुस्तकात लिही, पान एकशे चौदावर, पेनाने!"

"पुस्तकात पेनाने?" लोवेल दचकला.

"पेनाने."

त्याने लिहिलं. बारीक अक्षरात, समासात, गणिताच्या सरांसारखं स्वच्छ: भासाने जिवाचा गुण वाढत नाही, वेदना कमी होऊ शकते, रोज करावं लागतं, सांगूनसवरून केलं तरी चालतं.

किल्ला त्याच दुपारी पडला. ऑस्ट्रिकने किल्ल्यात उरलेल्या चाळीस माणसांना चोरवाटेने खाली उतरवलं, पण वेस गेली, खिंड गेली. लोवेलला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "हवं तर शेवटची फेक परत टाका, मी बघितलंच नाही असं समजतो."

"मुळीच नाही," आर्लिस म्हणाली. "पडला तर पडला. आम्ही कशासाठी थांबलो होतो ते आम्हाला माहीत आहे. गेरिट, तुझा ठेंगू गेला याचं मला वाईट वाटतं. पण पुन्हा तसंच करेन."

"माहीत आहे," मी म्हणालो. आणि मला ते चाललं.

तिची मूठ अजूनही कडाक्याच्या थंडीत आवळते. ती पेटीपुढे बसते, उघडते, कामाला लागते. कारखान्याने तिला फोन उचलायला बसवायचं म्हटलं, ते तिने नाकारलं. आता ती नव्या लोकांना रुळांपाशी उभं कसं राहायचं ते शिकवते, आणि शिकवताना बाही वर दुमडते.

त्या उन्हाळ्यात आम्ही मिलवॉकीला खेळणाऱ्यांच्या मोठ्या मेळ्यात एक टेबल मांडलं. आर्लिस गोष्ट चालवत होती. छातीपर्यंत दाढी असलेल्या एका गृहस्थाने आमचं पुस्तक चाळलं, समासात लिहिलेलं वाचलं आणि मान हलवली.

"बाई, हा नियम चुकीचा आहे. मायेने कुणी बरं होत नाही."

"पुस्तकात काय छापलंय ते मला पाठ आहे," आर्लिस म्हणाली आणि त्याच्यासाठी खुर्ची पायाने मागे सरकवली. "बसा. तुमचा माणूस किती दिवस थांबू शकतो?"