बाटलीतलं गलबत

दुर्बीणवाल्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि होकायंत्र दुरुस्त करणारीचा हात थांबला. बावीस वर्षं झाली होती, पण बापाच्या हातचं काम लेक विसरते होय?

"गलबताच्या डोलकाठ्या आडव्या पडल्यात," दुर्बीणवाले म्हणाले. जुन्या दुर्बिणी, होकायंत्रं, खलाशांनी कोरलेल्या वस्तू जमवायचा त्यांना नाद होता. "चार कारागिरांनी हात टेकले. म्हणतात, बाटली फोडावी लागेल. रविवारच्या प्रदर्शनाआधी जमेल?"

"बघते."

त्यांनी तिला ओळखलं नाही. बाप बोटीसकट बुडाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हे गृहस्थ दुखवट्याला आले आणि जाताना "दुरुस्त करून आणतो, वहिनी" म्हणत बाटली काखोटीला मारून गेले. आईने विचारलं तर वर तोंड करून म्हणाले, "कुठली बाटली?" मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! आईने तेव्हापासून डूख धरला होता, आणि लेकीलाही तो विसरू दिला नव्हता.

गलबत मुळात मोडलेलं नव्हतंच. डोलकाठ्यांना बापाने बारीक बिजागऱ्या केल्या होत्या आणि सगळ्यांचा मिळून एक दोरा बुचाखाली दडवला होता. घरी आला की तो दोरा ओढून बुचात दाबायचा, शिडं उभी राहायची. बोटीवर जाताना सैल सोडायचा. शेवटचा गेला तेव्हाही सोडूनच गेला.

दार लावून तिने दोरा ओढला. शिडं उभी राहिली आणि तिला हुंदका आवरला नाही. बाटली घेऊन तडक घर गाठता आलं असतं, पण मग चोर तीच ठरली असती. तिने डोळे पुसून बूच घट्ट बसवलं.

रविवारी दालन भरलं होतं. "दोनशे वर्षांपूर्वी आमच्या कप्तान खापरपणजोबांनी केलेलं," दुर्बीणवाले पाहुण्यांना सांगत होते.

"माझ्या वडिलांनी केलेलं," ती पुढे होऊन म्हणाली. "दुखवट्याला येऊन नेलंत तुम्ही."

"पुरावा?" ते हसले.

तिने बूच उपटलं. सगळी शिडं एका दमात आडवी झाली. दोऱ्याचं टोक तिने शेजारच्या म्हाताऱ्या पाहुण्याच्या हातात दिलं. त्याने ते बोटांत चोळून पाहिलं.

"हा तर नायलॉनचा! गळाचा दोरा. दोनशे वर्षांपूर्वी नायलॉन?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्याने समोरच्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं, "मग ही पण खापरपणजोबांचीच का हो?" सगळं दालन खदाखदा हसलं.

दुर्बीणवाले पांढरेफटक पडले. "निदान उभं तरी करून द्या," ते पुटपुटले.

"मालक बोटीवर गेलेत," ती म्हणाली. तिने बाटली काखोटीला मारली, अगदी त्यांच्यासारखीच. कुणी अडवलं नाही.

घरी आईने बाटली मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आई, उभं करू?"

"थांब जरा. आधी त्याचं तोंड कसं झालं होतं ते सांग. पहिल्यापासून."