द्वारकाबाई आणि तिसरा गिअर

१९६१ साली इंदूरच्या संताजीरावांकडे दोन सीटांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. तिसरा गिअर टाकताना दांडा लटपटायचा आणि खर्रकन आवाज यायचा. "तुझा हात जड आहे," असं ते बायकोला, द्वारकाबाईंना, म्हणायचे.

एकदा मिलमधल्या फिटर दिनानाथने दांडा खोलला. "रावसाहेब, बाईसाहेबांचा हात बिलकुल ठीक आहे. खालचा बुश, दांडा धरून ठेवणारी नळी, पार घिसलाय."

त्याने लेथवर पितळेचा नवा बुश करून बसवला. द्वारकाबाई संताजीरावांना शेजारी बसवून गाडी थेट शहराबाहेर बेटमा गावापर्यंत घेऊन गेल्या. गिअर दोन बोटांनी पडत होता.

परतताना संताजीराव म्हणाले, "आता मी चालवतो."

"इंदुरात बडा गणपतीचं देऊळ येऊ द्या, मग बघू."

बडा गणपती मागे पडला, तरी त्या उठल्या नाहीत. संताजीराव वाऱ्यात टोपी धरून हसत बसले.