दोरा बांधलेला टोमॅटो

“तो शेवटचा वेडावाकडा टोमॅटो आहे ना, त्याच्या देठाला दोरा बांध. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. पार मऊ पडेपर्यंत पिकू दे, त्याचं बी धर आणि माझ्या लेकीला नेऊन दे. देशील ना गं?”

सासूबाई अंथरुणातून हे बोलल्या तेव्हा मी हो म्हटलं. देवासमोर म्हणावं तसं.

त्यांचे टोमॅटो दिसायला खरंच वाईट. एखाद्याला नाक फुटलेलं, एखाद्याला कुबड, बुडाशी भेगाच भेगा. पण फोड जिभेवर ठेवली की माणूस डोळे मिटायचा. वन्संनी एकदा थोरल्या दिरांच्या भाजीच्या दुकानासमोर टोपलीभर मांडले होते. गिऱ्हाइकं चाखायची आणि दिरांचे गुळगुळीत, एकसारखे टोमॅटो तिथेच ठेवून वन्संकडे वळायची. त्याच संध्याकाळी दिरांनी बहिणीला घराचं दार बंद केलं, आईचा वाफा उपटला आणि त्या जागी क्रेट रचले. सासूबाईंच्या खिडकीखालच्या फुटक्या बादलीतलं एक रोप तेवढं वाचलं. त्यावर शेवटचं एकच फळ धरलं. त्यालाच मी लाल दोरा बांधला.

सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. बारा वर्षांचा नेम. घरात सगळ्यांना ठाऊक.

त्या सकाळी मी फुलं निवडत होते. जाऊबाई मागच्या दाराने आत आल्या. हातात तो टोमॅटो, देठाला दोरा तसाच. माझ्यादेखत ओट्यावर ठेवला आणि सुरी घेतली.

“डोळे काय वटारतेस? खायची वस्तू, खाऊन टाकावी. बोल की काहीतरी! अगंबाई, मौन नाही का तुझं!”

मी हात पुढे केला.

“हिसकावतेस? पूजेच्या हातांनी?”

हात तिथेच थिजला. ‘आई, खाऊ नका’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण दिवा अजून लावायचा होता, आणि बारा वर्षं माझ्याच्याने मोडवेनात.

त्यांनी फोडी केल्या, मीठ भुरभुरलं आणि ताटली सासूबाईंच्या उशाशी नेली. “घ्या आई, बाजारातून खास तुमच्यासाठी आणलाय.”

पहिली फोड तोंडात गेली आणि सासूबाई चावायच्या थांबल्या. दारात मी उभी होते. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश सगळ्या फोडी संपवल्या, कुशीवर वळल्या आणि उशीत तोंड पुसलं.

“कसा लागला?” जाऊबाईंनी दोरा त्यांच्या नाकासमोर नाचवला. “तुमचं बियाणं होतं हो ते! तुमच्याच पोटात गेलं. आता द्या लेकीला!”

माझ्यामागे दीर खो खो हसले.

“मीठ कमी होतं,” सासूबाई म्हणाल्या.

पूजा उरकून मी त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी पाय ओढून घेतले. “तेव्हा तोंड उघडलं नाहीस, आता कशाला उघडतेस? देव पावला असेल तुला.”

त्या पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी गेल्या. वन्संना कळवलं ते सगळं उरकल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊबाईंनी त्यांचं अंथरूण माझ्या अंगावर फेकलं. “धू नाहीतर जाळ. वास मारतोय.”

मी उशीचा अभ्रा उलटा केला. आतल्या दुमडीत पिवळट ठिपके चिकटलेले. एक नखाने खरवडला. बी होतं. अकरा बिया, कापडावर छान वाळलेल्या. म्हातारीने गालात धरून ठेवल्या होत्या, आणि मला सांगितलंही नाही. सांगण्यासारखी मी उरलेच नव्हते.

अभ्र्याची घडी केली, पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या. पूजा व्हायची होती.

“ए, सकाळी सकाळी कुठे निघालीस?” जाऊबाई ओट्यापासून ओरडल्या. “तुला विचारतेय! तोंड शिवलंय का?”

माझं मौन होतं. मी फाटक हलकेच ओढून घेतलं आणि वन्संच्या गावाची वाट धरली.