उणे एकतीस

उणे.

ऑर्व्हल ट्वेटनने पेन्सिल एवढी दाबली की टोक मोडून कागदावरून उडालं.

बीटाचा माथा थंडीने गोठला, की तो ढिगात आतून सडतो. एकटा सडत नाही, शेजारच्यांना घेऊन सडतो.

लॉयड मोएनचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, बीट काढणीच्या यंत्रावरून पडल्यापासून.

खेळाडूंच्या खोलीतल्या भिंतीवर, लाल रंगात: इथे कारणं मोजली जात नाहीत.

रेडिओ, बुधवार: शनिवारी पहाटे कडाक्याची थंडी. शेतातलं त्याआधी काढून घ्या.

उणे. उणे. उणे.

शनिवार सकाळचे साडेनऊ वाजले होते. कोचच्या खोलीत ऑर्व्हल पडद्यावर शाळेच्या संघाच्या कालच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याचा एकेक डाव पुढेमागे करत होता आणि प्रत्येक वेळी जास्तच चिडत होता. तक्ता त्याचाच. एकोणीस वर्षांपूर्वी गणिताच्या मास्तराच्या टापटिपीने त्यानेच तो आखला होता. प्रत्येक डावाला प्रत्येक खेळाडूपुढे अधिक किंवा उणे. आपापलं काम केलं की नाही, एवढंच. दहा वाजता तक्ता दारावर लागे. साठ टक्क्यांच्या खाली गेलेला पोरगा पुढच्या शुक्रवारी बाकावर. आणि पुढच्या शुक्रवारी बाद फेरी होती, कार्स्टन मोएनला कॉलेजच्या संघात घ्यायचं का ते बघायला फार्गोचा माणूस येणार होता.

पडद्यावर कार्स्टन चेंडू घेऊन तीन पावलं मागे सरकला. संघाचा क्वार्टरबॅक, फेकायचं कुणाकडे हे ठरवणारा आणि फेकणारा. फेकताना त्याची डावी बाजू त्याला दिसत नाही. ती राखायला बो व्हिगेन असतो, सव्वाशे किलोचा. काल तिथे राखीवमधला एक किडकिडीत पोरगा उभा होता, जेमतेम एक सेकंद. ज्याच्याकडे चेंडू फेकायचा, तो तेओ गार्झाही नव्हता. चेंडू रिकाम्या गवतावर पडला. पाठोपाठ कार्स्टनही.

"पुन्हा तेच," दारातून मुख्य कोच डेल ब्रेक्की म्हणाला. त्याच्या हातात कॉफी होती. "किती झाले?"

"चोपन्न डावांत एकतीस उणे."

"म्हणजे?"

"त्रेचाळीस टक्के. पण ह्याला काही अर्थ नाही, डेल. चेंडू कुठे पडलाय बघ. तेओ असता तर त्याच्या हातात पडला असता."

"तेओ नव्हता."

"तेच म्हणतोय मी!"

"अरे, तो नाही हे पोराला माहीत होतं ना? मग तिथे फेकला कशाला?"

ऑर्व्हलचा आवाज चढला.

"मग कुणाकडे फेकायचा? तुझ्याकडे?"

"माझे गुडघे गेलेत," ब्रेक्की न हसता म्हणाला. "ते दोघं माझ्यासाठी मेले. बाद फेरीच्या तोंडावर बीटाचे ट्रक हाकायला जातात! पण त्यांचं वेगळं, ह्याचं वेगळं. नियम तू केलास, ऑर्व्हल. बो नव्हता म्हणून पाच अधिक, तेओ नव्हता म्हणून सात, असा रकाना आहे का तुझ्या तक्त्यात?"

नव्हता.

कार्स्टन आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती. ऑर्व्हलनेच त्याला बोलावलं होतं.

"बस. हा डाव बघ. डावीकडून येणारा तुला दिसलाच नाही, बरोबर?"

"कळला, सर."

"मूर्खासारखं बोलू नकोस. कळणं शक्यच नाही."

"पावलं ऐकू आली. चेंडू मैदानाबाहेर टाकून द्यायला हवा होता. उणेच आहे ते."

"मी तुला वाचवायला बघतोय, गाढवा!"

"माहितेय, सर."

ह्या शांतपणाने ऑर्व्हल अधिकच भडकला. "कर्णधार आहेस ना तू? ते दोघं निघाले तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? आडवं पडायचंस ट्रकपुढे!"

कार्स्टन बोटांवरची पट्टी सोलत राहिला. चिकटलेला शेवटचा तुकडाही त्याने हलकेच काढला, गोळी केली आणि खिशात टाकली.

दार आपटलं. लॉयड मोएन आत आला, बुटांना घोट्यापर्यंत कालचा काळा चिखल.

"सर, तुम्ही मलाही शिकवलंय, म्हणून तोंड आवरतोय."

"वा, आवरलेलं कळतंय," ब्रेक्की म्हणाला.

लॉयडने डाव्या हाताने टेबलावरचा तक्ता ओढला. "त्रेचाळीस? पाठ उघडी टाकून माझ्या पोराला उभं केलंत, समोर चेंडू झेलणारा नाही, आणि वर त्रेचाळीस? दोरीने बांधून पोहायला टाका आणि बुडला म्हणून शून्य द्या!"

"ती पोरं तुझ्या ट्रकवर होती, लॉयड!" ब्रेक्कीची कॉफी हिंदकळली.

"मग? तुम्हीच सोडलंत ना?"

"मी?"

"नाहीतर कोण? बुधवारी मी बो व्हिगेनला विचारलं, तोंडावर नाही म्हणाला. सामना आहे, काका, जमणार नाही. गुरुवारी दोघं आपणहून दारात. मला वाटलं, माझा हात बघून कोचला दया आली. काल दिवसभर राबली पोरं. अंधार पडेपर्यंत शेतात एक कंद ठेवला नाही."

"मी कुणालाही सोडलेलं नाही," ब्रेक्की एकेक शब्द सुटा करत म्हणाला.

कार्स्टन खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती आधीच बांधलेली होती.

ऑर्व्हलने पडद्याकडे पाहिलं. चित्र थांबलेलं होतं: पोरगा, हात मागे, आणि ज्या रिकाम्या जागेकडे तो बघत होता ती जागा. मग त्याने कार्स्टनच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं.

"कार्स्टन."

"दहा वाजत आले, सर," कार्स्टन मान वर न करता म्हणाला. "तक्ता लावायचाय."

"ह्याला बाकावर बसवलंत तर बघा!" लॉयड ओरडला.

"बाबा, एका हाताने गाडी चालवत आलात? किल्ली द्या इकडे."

ऑर्व्हलने खणातून मोजपट्टी काढली. तक्त्याच्या उजव्या कडेला, जिथे एकोणीस वर्षं नुसता समास होता, तिथे वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. नवा रकाना झाला. त्याला नाव काय द्यावं, हे त्याला सुचेना. पेन्सिल कार्स्टनच्या ओळीवर आली, थबकली, आणि उचलली गेली. त्रेचाळीसला त्याने हात लावला नाही.

"हे काय आता?" ब्रेक्कीने विचारलं.

"तू गप बस, डेल."

त्याने तक्ता दारावर इतक्या जोरात ठोकला की टाचणी वाकली. कार्स्टनने आपली ओळ वाचली, तिच्या टोकाचा रिकामा चौकोनही बघितला, आणि वडिलांसाठी गाडीचं दार उघडायला बाहेर गेला.

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, कार्स्टनने बो आणि तेओला शाळेमागे गाठून सांगितलं होतं, "बाबांचे दोन ट्रक उभे आहेत. तुम्ही जा. शुक्रवारचं मी बघतो."