नूरजहां मोमीन, नाते : पत्नी

दीपमाला मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि मी वाचलं : ‘संग्रहाचे नाव – मोमीन कुटुंब, माधवनगर. मुख्य व्यक्ती – बादशहा मोमीन. इतर व्यक्ती – नूरजहां मोमीन. नाते – पत्नी.’

“पत्नी?” मी एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या टेबलावर भिंग घेऊन बसलेले आजोबा दचकले.

“नव्हत्या का?” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

“होत्या ना! पण...”

मागच्या वर्षापर्यंत माझं वाक्य ‘पण’वरच संपायचं. डिसेंबरात वक्तृत्व स्पर्धेची ढाल आणली आणि त्यानंतर, अब्बूंच्या भाषेत, माझ्या तोंडाला स्विचच राहिलेला नाही. म्हणून मी पुढे बोलले. नूरजहां म्हणजे माझी दादी. दोन वर्षांपूर्वी गेली. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या तेवीस बायका यंत्रमागांसाठी कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ना, त्या कांडीवर सूत गुंडाळून द्यायच्या. दिवसभर शेडमध्ये, तान्ही पोरं सुताच्या ढिगात झोपलेली. त्या बायकांचं मंडळ दादीनं उभं केलं. शेडला पाण्याचा नळ मागितला, पाळणाघर मागितलं, मिळेपर्यंत मागत राहिली. आणि तिच्या नावापुढे काय? पत्नी!

“मिस्बाह, इकडे ये.” मॅडम मला रॅकपाशी घेऊन गेल्या.

सांगलीतल्या या इतिहासाच्या ग्रंथालयात लोकांनी दिलेले जुने कागद तीन भिंतींना लावलेत. डावीकडे कुटुंबं : जमिनीचे नकाशे, फौजेतून आलेली पत्रं, लग्नपत्रिका. समोर धंदे : हळदीच्या पेढ्या, तेलाच्या गिरण्या, एक आख्खं छापखान्याचं कपाट. उजवीकडे संस्था : तालमी, भजनी मंडळं, शिक्षकांच्या संघटना. सगळं लाल-पांढऱ्या रुमालांत बांधलेलं, प्रत्येक रुमालाला चिठ्ठी.

“कागद कुणाच्या घरात सापडला यावर जागा ठरत नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो कुणी केला आणि कशासाठी केला, यावर ठरते.”

“मग झालं की! दादीच्या मंडळानं केला. उजवीकडे ठेवा.”

“चौदा अर्ज आहेत. अक्षर चौदाही ठिकाणी तुझ्या आजोबांचं.”

“कारण बायकांना लिहिता येत नव्हतं!”

“सही एकीचीही नाही. अंगठा नाही. सभासदांची यादी नाही. मंडळाचं नावसुद्धा नाही, नुसतं ‘आम्ही बायका’. या बायका खरोखर एकत्र आल्या होत्या, की बादशहा मोमीनांनी त्यांच्या वतीनं अर्ज केले? मी कशाच्या आधारावर लिहू?”

“माझ्या!”

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. “सूची सोमवारी छापायला जाते. शनिवारपर्यंत काही आणलंस तर बदलेन. आणि अजून एक. हे कागद तुमच्या घरच्या पेटीत कसे ठेवलेले होते, ते मला अजून नीट कळलेलं नाही.”

झालं. पुन्हा तेच. पहिल्या दिवसापासून हीच रेकॉर्ड. अहो, मी चार दिवस खपून पेटी लावली होती! पाण्याचे अर्ज निळ्या फोल्डरात, पाळणाघराचे गुलाबी फोल्डरात, बाकीचे पिवळ्या, वर ग्लिटर पेननं नावं. मला वाटलं होतं मॅडम माझा सत्कार करतील. त्यांनी सगळे कागद प्लॅस्टिकमधून काढले, मला विचारलं, “हे आधी कशानं बांधलेले होते?” आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “मळक्या दोऱ्या होत्या, मी कापून टाकल्या.” तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले होते. मला वाटलं, धुळीनं.

वर पेनही वापरू देत नाहीत. लिहायचं तर पेन्सिलनं. म्हणजे शाई सांडून कागद खराब व्हायला नको. मी काय पहिलीत आहे का?

घरी आल्यावर अब्बूंपुढे सगळं ओकले. अब्बू म्हणाले, “लीलाबाईंना विचार. त्या मंडळात होत्या.” मग मी तडक गल्लीच्या टोकाला गेले. लीलाआजी दारात बसून शेंगा सोलत होती. ऐंशीच्या पुढची आहे, पण दात सोडले तर सगळं शाबूत.

“आजी, दादीच्या मंडळाची यादी होती का गं कुठं? सह्या? अंगठे?”

“आंगठा?” आजीनं शेंग माझ्याकडं रोखली. “आंगठा कोन देतंय! कागदावर आंगठा दिला की त्यो कागद कवाबी, कुनाबी हाती जातो. उद्या मालकानं वर काय लिवलं तर आमाला वाचता येतंय व्हय? नूर म्हनाली, आंगठा न्हाई द्यायचा. गाठ द्यायची.”

“कसली गाठ?”

“अर्ज दोन लिवायचं. एक सायबाला. दुसरा आमच्यापाशी. बादशाभाई वाचून दावायचा. पटलं त्या बाईनं दोऱ्यात आपली गाठ मारायची. न्हाई पटलं तिनं न्हाई मारायची. मग त्योच दोरा कागदाला बांधायचा. परतेकीची गाठ येगळी, सुताचा रंग येगळा. काय सांगू तुला, लय भांडनं व्हायची त्या दोऱ्यावनं...”

आजी बोलता बोलता थांबली. माझ्या सॅककडं बघायला लागली.

माझ्या सॅकला एक गोंडा आहे. वर्गात सगळ्यांनी विचारला, कुठून घेतलास, ऑनलाइन का? मी सांगितलं, स्वतः केलाय. रंगीत दोऱ्यांची जाड वेणी, मध्ये मध्ये गाठी, मण्यांसारख्या दिसतात. मला त्या गाठीच आवडल्या होत्या.

“ह्ये कुठनं आनलंस?” आजीनं तो गोंडा हातात घेतला. बोटांनी चाचपत गेली. “ही माजी. दोन येढं आनि आत टोक. ही... ही नूरची हाय बघ, निळ्या सुताची. आगं पोरी, ह्यो तू बॅगंला बांधलास?”

माझ्या तोंडाला स्विच आहे, हे तेव्हा कळलं. बंदच झालं.

मी दोऱ्या कापल्या होत्या. सह्या कापल्या होत्या. प्रत्येक अर्जाची यादी त्याच अर्जाभोवती बांधलेली होती आणि मी ती सोडवून, धुऊन, वेणी घालून शाळेत मिरवत होते. त्याच सॅकसकट मॅडमशी भांडले, यादी हवी तर यादी कुठून आणू म्हणून!

रात्रभर काय झोप लागणार? मला स्वतःचाच इतका राग आला होता की सकाळी नाश्त्याला चहासुद्धा घेतला नाही. वेणी सोडवली तर बारा दोऱ्या निघाल्या. अर्ज चौदा. दोन दोऱ्या फारच मळल्या होत्या म्हणून मी घंटागाडीत टाकल्या होत्या. हे आठवलं आणि मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

शनिवारी लीलाआजीला रिक्षात घालून सांगलीला नेलं. वाटेत ती एकच म्हणाली, “तोंड पाडू नगंस. बाया मेल्या, गाठी हायत.”

दीपमाला मॅडमनी पांढऱ्या कापडावर बाराही दोऱ्या मांडल्या. मग लीलाआजीला खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहून लिहायला लागल्या. आजी बोट ठेवायची, नाव सांगायची. शेवंता. हलिमा. गोदाची तिरकी गाठ. तेवीसपैकी वीस जणी आजीला ओळखता आल्या.

“आता हे सांगा,” मॅडमनी विचारलं, “कुठली दोरी कुठल्या अर्जाची?”

आजीनं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

“आता कसं कळावं? पाळनाघराला दोघी न्हाई म्हनल्या हुत्या, येवढं ठावं हाय. कोन त्ये इसरले. दोऱ्यात हुतं की त्ये.”

दोऱ्यात होतं. मी वेगळं केलं होतं.

मग मला फोटो आठवला. पेटी उघडली त्या दिवशी मी सेल्फी काढली होती, ‘खजिना सापडला’ लिहून स्टेटसला टाकायला. मोबाइल काढला. माझा मोठ्ठा चेहरा, बोटांची व्ही, आणि खांद्यामागे उघडी पेटी. मॅडमनी फोटो मोठा करत नेला. सगळ्यात वरचा कागद : ‘विषय – पाण्याचा नळ’. त्याभोवती दोरी. सुरुवातीला निळी गाठ, मग हिरवी, मग लाल.

मॅडमनी कापडावरून तशीच दोरी उचलली आणि त्या अर्जावर ठेवली. एकोणीस गाठी.

“बायका एकत्र आल्याचा पुरावा मिळाला,” त्या म्हणाल्या, आणि कपाटातून नवा फॉर्म काढला. संस्थांचा. त्यात ‘नाते’ असा रकानाच नव्हता. ‘पद’ होता.

“नूरजहां मोमीन यांचं पद काय लिहू?”

“अध्यक्ष!” मी म्हणाले.

“कसली अध्यक्ष?” लीलाआजी म्हणाली. “कुनी केली तिला? नूर पयली गाठ मारायची. मग बाकीच्या.”

मॅडमनी लिहिलं : ‘पहिली गाठ मारणारी.’ मला अध्यक्षच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

“आता तू बस,” मॅडमनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “संग्रह कुणी विस्कटला असेल तर ते नोंदवावं लागतं. म्हणजे पुढे वाचणाऱ्याला वाटायला नको की बायकांनीच असा ठेवला होता.”

“माझं नाव?”

“पूर्ण.”

सूचीत माझं नाव यावं म्हणून मी चार दिवस ग्लिटर पेन घासलं होतं. आता येणार होतं. मी लिहिलं : ‘दोऱ्या चौदा. एक मूळ अर्जावर. अकरांची जागा माहीत नाही. दोन टाकून दिल्या. दोऱ्या कापल्या – मिस्बाह वसीम मोमीन, इयत्ता अकरावी.’

अक्षर लय घाण आलं. मी खोडरबर मागितला.

“राहू दे तसंच,” मॅडम म्हणाल्या, आणि रुमाल उचलून उजवीकडच्या भिंतीकडं गेल्या.